तुळशीजवळच्या फळ्या

"आई, मंदिरात जाताय ना? सुलभाताई गाडी घेऊन येतायत तुम्हाला न्यायला."

"आज काय आहे मंदिरात?"

"भजन."

"भजन रविवारी असतं. आज शनिवार."

खोटं बोलायचं तर आधी कॅलेंडर बघावं, एवढं साधं भान त्या सकाळी मला नव्हतं. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, स्वेटरची बटणं वरपर्यंत लावली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून मागच्या काचेच्या दाराशी नेली. मग तिच्यावर अशा बसल्या की आता त्यांना उठवायचं तर खुर्चीसकट उचलावं लागलं असतं.

"फळ्या काढणार आहात ना आज? मग मी इथंच बसते," त्या म्हणाल्या.

मी श्रीरंगकडे पाहिलं. त्याने सिंककडे पाहिलं. माझ्या नवऱ्याला अडचणीच्या वेळी घरात बघायला नेहमी काहीतरी सापडतं.

आम्ही तेव्हा ओहायोत, क्लीव्हलंडच्या बाहेरच्या एका गावात राहत होतो. घर जुनं होतं आणि मागच्या दाराबाहेर लाकडी फळ्यांचा एक उंच, ऐसपैस ओटा होता. इकडे त्याला डेक म्हणतात. उन्हाळ्यात तिथे खुर्च्या टाकून बसायचं, मक्याची कणसं भाजायची, एवढाच त्याचा उपयोग. श्रीरंगचे आईवडील तासगावहून कायमचे आमच्याकडे राहायला आले आणि त्या डेकचं अंगण झालं. आईंनी तुळशीची कुंडी आणली, कठड्याजवळ ठेवली, आणि रोज सकाळी आंघोळ झाल्यावर बादलीभर पाण्याचा सडा घालायला सुरुवात केली. सडा, मग तांदळाच्या पिठाची छोटीशी रांगोळी, मग तुळशीला तांब्याभर पाणी. तुळस कितीशी पिणार? उरलेलं सगळं फळ्या प्यायच्या.

श्रीरंगने पहिल्याच उन्हाळ्यात एकदा सांगून पाहिलं होतं. "आई, हे लाकूड आहे गं. रोज पाणी नको."

"बरं," म्हणाल्या त्या. सडा घातला नाही. चहाही घेतला नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "सडा न घातलेल्या दारात मला घास उतरत नाही." संध्याकाळी त्यांनी दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, परतीच्या तिकिटाची चौकशी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी श्रीरंगने स्वतः बादली भरून दिली आणि हा विषय आमच्या घरातून कायमचा उठला.

आईंचं सगळं असंच होतं. त्या ओरडायच्या नाहीत. नुसत्या गप्प बसायच्या, आणि त्यांच्या गप्प बसण्याने आमच्या सगळ्यांची पळापळ व्हायची.

आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, रात्री पाला गोठेल इतकी थंडी पडणार होती म्हणून, दादा संध्याकाळी तुळस आत आणायला गेले. कुंडी जड. ती ओढायला ते कठड्याच्या बाजूने मागे गेले आणि पायाखालची फळी मोडली. मांडीपर्यंत पाय आत. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, ऑपरेशन चांगलं झालं असंही डॉक्टर म्हणाले, आणि मग न्यूमोनियाने दादा दिवाळीच्या आधी गेले.

त्यांना दवाखान्यात ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीरंग स्क्रूड्रायव्हर घेऊन डेकवर गेला होता. कुंडीच्या आसपास जिथे टोचेल तिथे तो मुठीपर्यंत आत जात होता. बाकीचा डेक ठणठणीत. आत येऊन त्याने मला तेवढंच सांगितलं, आणि आम्ही दोघांनी ठरवलं की हे आईंच्या कानावर कधीही जाऊ द्यायचं नाही. "थंडीने लाकूड फुटलं," असं आम्ही त्यांना सांगितलं. त्यांनी "हं" केलं.

त्यानंतर त्यांनी सडा घातला नाही. दाराबाहेर पाऊलही टाकलं नाही. तुळस आत खिडकीत होती, तिला मी पाणी घालायचे. जेवण निम्म्यावर आलं. मे महिना लागला तेव्हा त्यांनी तासगावला एकटीने जाऊन राहायचं ठरवलं आणि तिकीट काढायला लावलं. इतक्या खंगलेल्या बाईला तिथे रिकाम्या घरात हे कळलं, की माझ्याच पाण्याने माझा नवरा गेला, तर ती त्यातून उठणार नाही, अशी मला खात्री होती. म्हणून तो डेक त्या नसताना उखडायचा, कुजलेल्या फळ्या कचऱ्याच्या डब्यात जायच्या आणि मग त्यांना घरी आणायचं, असा आमचा बेत होता. आणि त्या दारातच बसल्या होत्या.

"आई, धूळ येईल," मी शेवटचा प्रयत्न केला.

"काचेतून?"

तेवढ्यात यशोधन आला. हा श्रीरंगचा मित्र. मोठा उत्साही माणूस. घरातलं कुठलंही काम निघालं की हा आपली पहार, करवत आणि बडबड घेऊन हजर. मनाने सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. म्हणून आम्ही त्याला काही सांगितलंच नव्हतं. शहाणपणा केला असं वाटलं होतं.

"काकू! पहिल्या रांगेत बसलात की!" तो दार उघडून ओरडला. "दार उघडंच ठेवतो, तुम्हाला नीट दिसेल."

आणि त्याने दार उघडं ठेवलं.

काम सुरू झालं. यशोधनने पायऱ्यांच्या बाजूने सुरुवात केली. फळीखाली पहार घालायची, अंग टाकायचं, खिळे किंचाळत वर यायचे. श्रीरंग उखडलेल्या फळ्या उचलून बाहेर उभ्या केलेल्या मोठ्या डब्यात टाकत होता. मी पोळ्या करायच्या निमित्ताने आईंच्या मागे उभी होते. करता येत नव्हत्या, कारण माझं लक्ष सगळं कुंडीच्या जागेकडे होतं. फळीमागून फळी निघत होती आणि ते दोघं हळूहळू तिकडे सरकत होते.

पोळ्यांवरून सांगते. त्या मी लाटत होते इकडच्या प्लास्टिकच्या पाटावर. आईंचा सागवानी पोळपाट होता, त्यांच्या आईने लग्नात दिलेला, तीन पायांचा, कडेला तव्याने भाजल्याचा काळा डाग असलेला. दादा जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तो घरातून नाहीसा झाला. आईंनी सगळं घर धुंडाळलं आणि मग माझ्याकडे वळल्या. मी नुकतेच जुने कपडे आणि भांडी खोक्यांत भरून देऊन टाकली होती.

"दिलास ना उचलून? जुनं दिसलं की तुला टोचतं," त्या म्हणाल्या होत्या.

मी शपथा घेतल्या. काही उपयोग झाला नाही. कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दादा त्या वेळी समोरच वाटाणे सोलत बसले होते. मान वर केली नाही त्यांनी. पण त्यानंतर रोज सकाळी मी उठायच्या आधी माझा चहा तयार असायचा. तासगावच्या एस.टी. डेपोत आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस, कपाला हात न लावणारा, तो माझ्यासाठी आलं किसून चहा करायचा आणि कप ठेवून काही न बोलता निघून जायचा. मला वाटलं, निदान या घरात एकाचा तरी माझ्यावर विश्वास आहे. त्या चहाने मला फार धीर आला होता.

"अरे बापरे!" बाहेर यशोधन ओरडला. ते कुंडीच्या जागेपाशी पोचले होते. "श्रीरंग, हे बघ. भुसा झालाय नुसता! बाकी डेक कसा ठणठणीत आहे, आणि इथेच बघ. वर्षानुवर्षं पाणी मुरलंय इथे. काय ठेवायचात रे तुम्ही इथे?"

श्रीरंगने कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. हातात फळी धरून तो नुसता उभा राहिला.

"पाणीच आहे हे," यशोधन त्याला समजावून सांगू लागला. "थंडीबिंडी काही नाही. रोज कुणीतरी ओतल्याशिवाय..."

आता मात्र तो थांबला. त्याची नजर दारातल्या आईंवर गेली, मग खिडकीतल्या तुळशीवर, आणि बिचाऱ्याचा चेहरा पडला. मी पुढे झाले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आई, आत चला, मी..."

"मला माहीत आहे," आई म्हणाल्या.

त्या उठल्या. चप्पल घातली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आल्या आणि राहिलेल्या फळ्यांवरून कठडा धरत निघाल्या. श्रीरंग धावत आला. त्याचा हात त्यांनी बाजूला केला.

"ही एक राहिली आहे," त्या म्हणाल्या. कुंडीसमोर अजून एक फळी जागेवर होती. रोज सकाळी तांब्या घेऊन त्या जिथे उभ्या राहायच्या ती फळी. "ही काढ रे यशोधन. बघू दे मला."

"काकू, राहू दे ना..."

"काढ."

त्याने पहार घातली. फळी जोर न लावताच मधोमध तुटली आणि दोन तुकडे बाजूला झाले. यशोधन खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"इथे खाली काहीतरी आहे. कुणीतरी टेकू दिलाय."

मी पुढे जाऊन पाहिलं. खालच्या मातीत विटा रचल्या होत्या. फुलांच्या वाफ्याच्या कडेच्या, अगदी ओळंब्यात, एकीवर एक नीट बसवलेल्या. आणि सगळ्यात वर, तीन पाय विटांवर रोवून, फळीला खालून पाठ लावून, आईंचा पोळपाट उभा होता.

यशोधनला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याने पोळपाट उचलून माती झटकली आणि "हे काय चपात्यांचं आहे ना?" म्हणत आईंच्या हातात दिला.

आई खाली बसल्या, तिथेच फळ्यांवर. पदराने पोळपाट पुसू लागल्या. तो काळा डाग वर आला.

मला मात्र तो सबंध उन्हाळा एका क्षणात दिसला. दादांना कळलं होतं. सगळ्यांच्या आधी, फळीवर पाय ठेवताच कळलं असणार. डेपोतला कान आणि डेपोतला पाय त्यांचा. मुलाला सांगावं तर तो आईला सांगणार, बायकोला सांगावं तर तिचं जेवण बंद. दुकान लांब, इकडची गाडी चालवता येत नाही, घरात लाकडाचा तुकडा नाही. मग आई दुपारी झोपल्यावर तो म्हातारा माणूस डेकखालच्या कडेची जाळी सारून पोटावर सरपटत आत गेला आणि घरातलं सगळ्यात चांगलं लाकूड घेऊन गेला. ती जिथे उभी राहते तेवढ्याच जागेला त्याने टेकू दिला. स्वतः ज्या जागी पडणार होता, तिथे द्यायचा राहिला. आणि माझा चहा! तो विश्वासाचा चहा नव्हता. माझ्यावर आळ आलेला समोर बसून बघितला, त्याचा होता. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही.

"काकू," यशोधन हळूच म्हणाला, "काका केवढी काळजी घ्यायचे हो तुमची."

"काळजी?" आईंनी वर पाहिलं. "काळजी नाही रे. भ्यायचे मला."

"आई, असं काय..." श्रीरंग म्हणाला.

"मग काय म्हणू? या वयात मातीत सरपटत गेले. विटा लावल्या. माझ्या आईचा पोळपाट चोरला, सुनेवर आळ येऊ दिला. पण 'पाणी ओतू नकोस' एवढं काय तोंडातनं निघालं नाही. इतका संसार झाला आमचा, आणि एवढं सांगायची सोय नव्हती त्यांना माझ्याकडं. कसली बाई म्हणायची मी?"

आमच्यापैकी कुणीतरी "नाही हो, तसं नाही" म्हणायला हवं होतं. त्या वाट बघत होत्या असंही मला वाटलं. पण ते खोटं झालं असतं, आणि भजनाचं एक त्या दिवशी बोलून झालं होतं.

"आणि तू रे?" त्या श्रीरंगकडे वळल्या. "तू स्क्रूड्रायव्हर टोचत होतास, तेव्हा मी वरच्या खिडकीत होते. दिसत होतं मला सगळं. मला काय कळत नाही व्हय? म्हटलं, आता येईल, मला बोलेल. ओरडेल. एकदा ओरडून घेतलं असतंस तर मी रडून मोकळी झाले असते. आलास आणि म्हणालास, थंडीनं फुटलं. सबंध हिवाळा मी वाट बघितली, कुणीतरी मला म्हणेल, बाई, हे तुझं काम. कुणीच नाही म्हणालं. म्हणून म्हटलं, जावं आता इथनं."

श्रीरंग डेकच्या कडेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. यशोधन उगाचच निघालेले खिळे गोळा करत राहिला. मी आईंच्या शेजारी बसले. त्यांना हात लावायचं धाडस मला झालं नाही, म्हणून पोळपाटाची दुसरी कड धरली.

"तुला उगीच बोलले मी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या चुका काढल्या होत्या, स्वतःची कबूल केली ती पहिल्यांदाच. मला ते ऐकवलं नाही. त्यांनी पुन्हा माझ्यावर आळ घेतला असता तर बरं वाटलं असतं.

जुना डेक गेला. नवा व्हायला जूनचा मध्य उजाडला. पुन्हा लाकडाचाच केला, कारण श्रीरंगला दुसरं काही बघवेना. आईंनी तिकीट पुढे ढकललं. "डेक होऊ दे," म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या बदलल्या, आणि त्या बदलाने घरातलं वारंच गेलं. आमटीत मीठ घालू का, विचारायच्या. टीव्ही लावू का, खिडकी उघडू का, आंघोळीला आत्ता जाऊ का. ज्या बाईच्या गप्प बसण्याला आम्ही सगळे टरकून होतो, ती पाहुण्यासारखी प्रत्येक गोष्टीला परवानगी मागू लागली. आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "हो, आई. घाला ना, आई. तुम्हाला हवं तसं." पोळपाट मात्र पुन्हा ओट्यावर आला. ओलीने फुगून त्याचा एक पाय डुगडुगायचा. श्रीरंग तासून देतो म्हणाला तर आईंनी देऊ दिला नाही. त्या तशाच डुगडुगत्या पोळपाटावर लाटायच्या.

डेक पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले, तर मागचं दार उघडं होतं. आईंनी तुळस बाहेर नेऊन कठड्याजवळ ठेवली होती, अगदी जुन्याच जागी. आंघोळ झालेली, केस ओले, पायाशी भरलेली बादली आणि हातात तांब्या. नव्या लाकडाचा वास येत होता. फळ्या कोरड्या, पिवळसर, एक डाग नाही.

त्यांनी मला पाहिलं आणि तांब्या थोडा वर केला.

"ओतू?"

हो म्हणणं फार सोपं होतं. महिनाभर तेच म्हणत होते मी. त्याच्या आधीची सगळी वर्षंही तेच म्हटलं होतं. एका तांब्याने काय होतंय, असंही मनात आलं. आणि त्या ज्या जागी उभ्या होत्या तिच्याखाली आता कुणी विटा लावलेल्या नव्हत्या.

"नको," मी म्हणाले. "लाकूड आहे, आई. पुन्हा कुजेल. इथे पाणी घालायचं नाही."

ठरवलं होतं त्यापेक्षा आवाज कडक निघाला. आई माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघू लागले. आता तांब्या खाली ठेवतील, आत जातील, चहा घेणार नाहीत, तिकीट काढायला सांगतील. तरी मी नजर वळवली नाही.

"मग कुठं घालू?"

"पायऱ्यांच्या खाली. मातीत. आणि तुळसही तिथेच न्यायची."

त्यांनी मान हलवली. बादली उचलली. मी घ्यायला पुढे झाले तर "राहू दे" म्हणाल्या. कठडा धरत, पाणी हिंदकळू न देता, एकेक पायरी उतरल्या. खाली मोकळ्या मातीत त्यांनी ओंजळीने सडा शिंपडला, दोन्ही बाजूंना, पूर्वी शिंपडायच्या तसा, हात लांब करून. बादली रिकामी झाली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. मला वाटलं माझ्याकडे बघतील. त्यांनी वर बघितलं ते दाराशेजारी, जिथे उन्हात बसायला दादांची खुर्ची असायची.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढंच म्हणायचं होतं."